कॅननच्या बॉडीवर निकॉनची लेन्स बसते, मग कॅननचीच जुनी लेन्स का बसत नाही?

मुठाकाठ:
नमस्कार. आमच्या नारायण पेठेतील घराचा माळा आवरताना वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या काळातील तीन लेन्स हाती लागल्या. पहिली निकॉनची ५० मिमी एफ/१.८ असून तिला ॲपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) रिंग आहे; एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. दुसरी पेंटॅक्सची ५५ मिमी सुपर-टाकुमार, आट्यांनी फिरवून बसवायची, म्हणजे एम४२ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची रचना). तिसरी कॅननची ५० मिमी एफ/१.४, एफडी माउंटची. माझ्याकडे कॅननचाच ईओएस २००डी कॅमेरा असल्याने तिसरी लेन्स तरी सहज बसेल असे मी गृहीत धरले होते. परंतु दुकानात चौकशी केली तेव्हा पहिल्या दोन लेन्ससाठी ॲडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे मधले कडे) मिळेल, कॅननच्या लेन्सचा मात्र नाद सोडा, असे सांगण्यात आले. याचे कारण मला समजून घ्यायचे आहे. तसेच अशी लेन्स लावल्यावर कोणत्या गोष्टी हाताने कराव्या लागतात, आणि घरातील माणसांचे फोटो काढण्यासाठी ही खटपट करण्याजोगी आहे का, हेही जाणकारांनी सांगावे. या लेन्स वडिलांच्या असल्याने त्या पुन्हा पेटीत बंद करण्याची इच्छा नाही.

वेताळटेकडी:
दुकानदाराने आपल्याला योग्य तेच सांगितले आहे. येथे कंपनीच्या नावाला महत्त्व नाही. माउंटच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर किती, यावर सारे अवलंबून असते. निकॉनच्या एफ माउंटसाठी हे अंतर ४६.५ मिमी, एम४२ साठी ४५.४६ मिमी, आपल्या कॅमेऱ्याच्या ईएफ माउंटसाठी ४४ मिमी आणि एफडीसाठी ४२ मिमी आहे. म्हणजे निकॉनच्या लेन्सला सेन्सरपासून आणखी २.५ मिमी आणि टाकुमारला सुमारे दीड मिमी दूर धरावे लागते आणि ती जागा धातूच्या साध्या कड्याने भरून निघते. एफडी लेन्सला मात्र आपल्या कॅमेऱ्यात २ मिमी आत शिरावे लागेल आणि ते शक्य नाही. १९८७ साली ऑटोफोकससाठी नवा ईएफ माउंट आणताना कॅननने जुन्या माउंटशी असलेले नाते पूर्ण तोडले, त्याचा हा परिणाम आहे.

हे २ मिमी किरकोळ वाटतात, पण ५० मिमीची लेन्स तेवढी पुढे राहिली, तर ती जास्तीत जास्त सव्वा मीटरच्या आसपासच्या वस्तूवर फोकस होऊ शकते आणि त्यापलीकडचे सर्व काही धूसर राहते. ॲडॉप्टरची स्वतःची जाडी धरली, तर तेवढेही अंतर मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आत छोटे भिंग बसवलेले ॲडॉप्टर मिळतात, परंतु त्या स्वस्त भिंगातून गेलेल्या प्रतिमेत एफ/१.४ च्या लेन्सचे गुण उरत नाहीत, असा माझा स्वतःचा अनुभव असल्याने मी तो मार्ग सुचवणार नाही.

आता हाताने करायच्या गोष्टींकडे वळतो. ॲडॉप्टरला विजेचे संपर्कबिंदू नसतील, तर कॅमेऱ्याला लेन्स जोडल्याचे कळतच नाही. अशा वेळी शटर चालत नसेल, तर मेन्यूमध्ये लेन्सशिवाय शटर चालवण्याची सोय आहे का ते पाहून ती सुरू करावी. ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगने ठरवायचे, आणि टाकुमारवर ऑटो-मॅन्युअल असा खटका असल्यास तो मॅन्युअलवर ठेवायचा, नाहीतर ॲपर्चरची पाती उघडीच राहतील. कॅमेरा एव्ही मोडवर ठेवल्यास आत येणारा प्रकाश मोजून तो शटरचा वेग स्वतः ठरवतो. फोटोच्या माहितीत ॲपर्चर ०० असे दिसेल, त्याची काळजी करू नये.

खरी कसोटी फोकसची आहे. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा एफ/१.८ वर टिपताना स्पष्टतेची खोली साधारण सहा सेंटिमीटर मिळते, म्हणजे डोळा साधला तर कान सुटतो. त्यात आजच्या डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधला, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतला, काचपडदा पूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्यांसारखा नसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्टतेची जी खोली दिसते ती साधारण एफ/२.८ च्या सुमाराची असते, त्यामुळे एफ/१.८ वर डोळ्यांना नेमके वाटलेले प्रत्यक्ष फोटोत चुकलेले आढळते. यासाठी लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे थेट दृश्य) सुरू करून दृश्य पाचपट किंवा दहापट मोठे करावे, पापण्यांवर फोकस साधावा आणि मगच शटर दाबावे. सवय होईपर्यंत एफ/४ वर काम करणे शहाणपणाचे ठरेल. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखे दृश्य दाखवेल. चेहऱ्यांच्या फोटोंसाठी ते फार छान असते, मात्र पेठेतल्या लहान खोलीत पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे जावे लागेल.

जुनीभिंगे:
वरील सर्व माहितीशी मी सहमत आहे. केवळ ॲडॉप्टरच्या दर्जाविषयी भर घालतो, कारण निराशा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. ५० मिमीच्या लेन्ससाठी ॲडॉप्टर एक दशांश मिमीने जाड निघाला, तरी साधारण २५ मीटरच्या पुढे फोकस होत नाही. २८ मिमीच्या लेन्सला तर तेवढीच चूक ८ मीटरवर अडवते. म्हणून अनेक उत्पादक कडे मुद्दाम किंचित पातळ बनवतात. त्यामुळे दूरचे सर्व मिळते, पण लेन्सवरील अंतराचे आकडे खरे राहत नाहीत.

खरेदीनंतर दोन चाचण्या घ्याव्यात. स्वच्छ हवेच्या सकाळी पर्वतीवर जाऊन सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्यावर फोकस साधावा; मनोरा रेखीव दिसला, तर अनंत अंतराची, म्हणजे अगदी दूरच्या फोकसची, चिंता मिटली. त्यानंतर एखाद्या सपाट दगडी भिंतीचा फोटो कॅमेरा तिला समांतर धरून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काढावा. एक बाजू रेखीव आणि दुसरी मऊ दिसली, तर कडे तिरके असण्याची शक्यता आहे आणि ते परत करावे.

आणखी एक विनंती. एफडी लेन्स विकू नका. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसल्याने माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर फारच कमी असते: कॅननच्या आरएफचे २० मिमी, सोनीच्या ई माउंटचे १८ मिमी, निकॉन झेडचे १६ मिमी. अशा बॉडीवर हीच एफडी लेन्स कोणत्याही भिंगाविना अनंतापर्यंत फोकस होईल.

शनिवारचाप्रकाश:
ॲडॉप्टर घेण्याआधी लेन्सच्या आत बुरशी आहे का ते तपासावे. पुण्याच्या पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या लेन्समध्ये ती सहज धरते. ॲपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च दाखवावा आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. पात्यांवर थोडे तेल आलेले असल्यास मात्र फार चिंता करू नये. पाती आळसावून मिटली तरी आपल्या पद्धतीत ती शटर दाबण्यापूर्वीच मिटलेली असतात.

मुठाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चने पाहिले असता निकॉन आणि एफडी लेन्स निर्मळ निघाल्या. टाकुमारच्या मागील भिंगाच्या कडेला बारीक तंतू दिसले, ती स्वच्छ करण्यासाठी दिली आहे. निकॉनचा ॲडॉप्टर आणला. पहिल्या दिवशी व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या वीस फोटोंपैकी तीनच स्पष्ट आले. काल लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून खिडकीपाशी बसलेल्या आईचा फोटो एफ/२.८ वर काढला, तेव्हा तिच्या चष्म्याच्या काडीवरचे ओरखडेही दिसले. पर्वतीची चाचणी धुके असल्याने राहिली आहे, रविवारी पुन्हा जाणार आहे.