मदत हवी आहे: गाडी बंद असताना अल्टरनेटरमधून करंट गळतोय, पण दोष रेक्टिफायर प्लेटचा (एसीचं डीसी करणारे डायोड) की रेग्युलेटरचा (चार्जिंग व्होल्टेज सांभाळणारा)?

डिझेल हॅचबॅक, तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मरतो. सर्व्हिस सेंटरने नवी बॅटरी टाकली, स्कॅनरवर कोड नाही म्हणून हात वर केले. (अशी गळती स्कॅनरला दिसते कुठे!)

गाडीला बॉनेट बंद वाटावं म्हणून लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं, चावी लांब ठेवली, पाऊण तासाने निगेटिव्हच्या सिरीजमध्ये मीटर लावला: ०.६ अँपिअर. ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. फ्यूज उपटले नाहीत, कारण त्याने झोपलेली मॉड्यूल (गाडीतले कंट्रोल कॉम्प्युटर) जागी होतात. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजवर मिलिव्होल्ट तपासले (करंट वाहत असेल तर दिसतात), सगळीकडे शून्य. मग बॅटरीचं कनेक्शन सोडवून अल्टरनेटरची जाड बी-प्लस वायर (बॅटरीकडे जाणारी) काढली, पुन्हा तेवढंच थांबून मोजलं: ०.०३.

इंजिन थंड असताना गळती निम्मी. अल्टरनेटरचं छोटं कनेक्टर (रेग्युलेटरचं) काढून फरक नाही. चार्जिंग १४.२ व्होल्ट, एसी रिपल (डीसीत उरलेला एसीचा अंश) ०.१ व्होल्टच्या आत. डायोड फक्त उलट्या दिशेने गळत असेल तर रिपल असा नॉर्मल येतो का? नुसती रेक्टिफायर प्लेट बदलू, की रेग्युलेटरही? अल्टरनेटर काढून वर्कबेंचवर खात्री कशी करता?