कॉन्डमधल्या अटींचा क्रम उलटा झालाय
तुम्ही विचारलंत, की लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या तुमच्या लोकल तिकिटाच्या कोडमध्ये ४ वर्षांच्या मुलालाही अर्धं भाडं का लागतंय. कारण (< वय १२) ही ‘वय १२ पेक्षा कमी’ अट (< वय ५) च्या वर बसलीय. कॉन्ड, म्हणजे अटी तपासून उत्तर निवडणारी रचना, वरून खाली येतो आणि पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतो. ५ ची अट वर घ्या. शेवटी पूर्ण भाड्यासाठी ‘बाकी सगळे’ अशी अट लिहा: लिस्पच्या दोन बोलींपैकी कॉमन लिस्पमध्ये टी, स्कीममध्ये एल्स. ते राहिलं तर कॉमन लिस्प गुपचूप निल (म्हणजे ‘काहीच नाही’) देतं आणि चूक फुटते थेट पुढच्या बेरजेत.

वरच्या एका उत्तरात कुणीतरी ‘अटीत शून्य म्हणजे खोटं’ म्हटलंय. ते सी भाषेत हो, इथे ० सुद्धा ‘खरं’ धरतात. रिकामी यादी मात्र कॉमन लिस्पमध्ये खोटी, स्कीममध्ये खरी. कोड इकडून तिकडे नेताना हीच नडते.