मदत हवी आहे : डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या बोलण्याविषयी
माझ्या भाचीला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. ती आता ३ वर्षांची आहे. अशा जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून तिची इको तपासणी लगेच झाली आणि ती व्यवस्थित आली. थायरॉइडची तपासणी दरवर्षी होते. स्नायू शिथिल असल्यामुळे चालायला उशीर झाला, पण आता ती घरभर फिरते.

काळजी आहे ती बोलण्याची. "चप्पल आण" म्हटले की ती दोन्ही चपला शोधून जोडीने मांडते, म्हणजे समजते सगळे. मात्र स्वतः मोजकेच शब्द उच्चारते आणि मनातले सांगता आले नाही की रडून लाल होते. या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे श्रवणचाचणी पुन्हा करणार आहोतच. स्पीच थेरपिस्टनी शब्दांसोबत हातांच्या खुणा शिकवायला सांगितले आहे, पण खुणांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, अशी भीती घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. मला ती पटत नाही. ज्यांनी आपल्या मुलांना खुणा शिकवल्या आहेत, त्यांनी सुरुवात कोणत्या खुणांनी केली आणि शब्द येऊ लागल्यावर खुणा आपोआप मागे पडल्या का, हे कृपया सविस्तर कळवावे.