प्रतिसाद: १.०२०वर अडकलेलं रीडिंग

घरी १.०५० घनतेवरून (पाण्याची १.०००, साखर जास्त तितका आकडा मोठा) सुरू केलेली बिअर दहा दिवसांनीही रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) १.०२० दाखवते, म्हणून आंबणं अडकलंय असं समजून नवीन यीस्ट घालायचा विचार आहे ना? थांबा, घालू नका. रिफ्रॅक्टोमीटर फक्त साखरेच्या द्रावणासाठी आखलेला असतो. अल्कोहोल तयार झालं की प्रकाशाचं वक्रीभवन बदलतं आणि आकडा फुगतो. करेक्शन सूत्रात घातलं तर तुमचं १.०२० म्हणजे प्रत्यक्षात साधारण १.००८. यीस्टने काम चोख केलंय.

खात्री हायड्रोमीटरनेच (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) करा. आधी त्यालाच तपासा: त्यावर छापलेल्या तापमानाच्या (बहुधा २० अंश से.) डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.००० यायला हवं. १.००२ आलं तर दर वेळी २ पॉइंट (म्हणजे ०.००२) वजा करायचे.

नमुना दोन ग्लासांमध्ये दहा-बारा वेळा ओतून गॅस काढा. हे बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. बारीक बुडबुडे काचेला चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात, रीडिंग जास्त येतं. सोडल्यावर त्याला हलकी गिरकी द्या, जारच्या भिंतीला टेकू देऊ नका. काचेलगत द्रव थोडा वर चढलेला दिसतो. तो सोडून सपाट पातळीशी डोळा आणून वाचा.

हायड्रोमीटर २० अंशांचा आणि नमुना ३० अंशांवर असेल तर रीडिंगमध्ये सुमारे ०.००२५ मिळवा. गरम वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) मात्र मोजूच नका, तिथे करेक्शनवर भरवसा नाही.

आणि एक, माल्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये (माल्टच्या तयार घट्ट अर्कात) वरून पाणी घातलं असेल तर सुरुवातीचं १.०५०सुद्धा तपासायला हवं. नीट ढवळलं नाही तर जड वर्ट तळाशी राहतं.