धुऱ्यावरच्या झाकणवाल्या कोळ्याला ‘आयडिऑप्स’ म्हणायचं का?

बालाघाटकर (अंबाजोगाई)
मृगाआधी धुरा साफ करताना मुरमात रुपयाएवढं मातीचं झाकण दिसलं, कोळ्याच्या बिळाचं. काडीनं उचलायला गेलो तर आतून ओढून धरलेलं! फोटो ग्रुपवर टाकला, लगेच उत्तर आलं, ‘आयडिऑप्स’. हे वंशाचं (जवळच्या जातींच्या गटाचं) नाव पेर्टी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८३३ मध्ये ब्राझीलच्या कोळ्याला दिलेलं. जो प्राणी जन्मभर बीळ सोडत नाही, त्याचा एकच वंश ब्राझीलात आणि बालाघाटावर कसा? आपल्याकडच्यांचा वंश वेगळा करावा, असं माझं स्पष्ट मत.

मास्तर_लातूर
चालत आले असं कोण म्हणायलंय? जमीनच सरकली. आयडिऑप्स ज्यात येतो ते आयडिओपिडी हे कुल (अनेक वंशांचा मोठा गट) दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असं गोंडवनभर, म्हणजे पूर्वी एकसंध असलेल्या दक्षिणेकडच्या महाखंडभर, पसरलंय. आणि वंश पत्त्यावरून ठरत नाही, अंगावरच्या खुणांवरून ठरतो. आयडिऑप्सचे दोन डोळे बाकी सहांना सोडून पार पुढं, चेहऱ्याच्या काठाशी असतात. आपल्याकडच्यांचेही तिथंच. मग नाव तेच.

बालाघाटकर
मास्तर, तुम्ही माझीच बाजू मांडायलाव. गोंडवन फुटून दहा कोटींहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळानंतर भावकी एक धरता येते, घर एक कसं धरायचं?

किनवटची_माती
डोळ्यांवर फार भरवसा नको, मास्तर. बिळात राहणाऱ्यांची अंगं एकसारखीच घडतात. झाकणवाल्या कोळ्यांचंच दुसरं एक टेनिझिडी कुल असंच बाहेरच्या खुणांवर उभं होतं. डीएनए तपासल्यावर २०१८ मध्ये त्यातून हॅलोनोप्रॉक्टिडी हे कुल वेगळं काढावं लागलं.

मास्तर_लातूर
मीही तेच म्हणतोय ना ताई, ज्या जातीवरून वंशाला नाव मिळालं त्या ब्राझीलच्या मूळ जातीशी डीएनए जुळवून बघा, मग फोडा. घाईचा इतिहास आहे आपल्याकडं. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १९०० मध्ये इथले काही कोळी ‘अकँथोडॉन’ या वंशात घातले होते, ते नाव पुढं आयडिऑप्समध्येच जिरलं. आज फोडायचं, उद्या जोडायचं, आणि लेबलं बदलत बसायचं संग्रहालयातल्या माणसानं.

किनवटची_माती
लेबलं बदलायचा कंटाळा हे काही शास्त्रीय कारण नाही!

धुळपेर
दोघंही भांडा, पण फोटोत तिसरा पाय दिसतोय का? नडगीच्या मुळाशी वरून खळगा असेल तर तो हेलिग्मोमेरस, याच कुलातला दुसरा वंश. नुसतं झाकण बघून नाव सांगणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. आणि बालाघाटकर, खणू नका. आत बहुतेक मादी असेल. ऑस्ट्रेलियात याच कुलातली एक मादी ४३ वर्षं जगली, एकाच बिळात.

बालाघाटकर
खणलं नाही. झाकण होतं तसंच आहे, त्या कोपऱ्यात कुदळ बंद. पाऊस पडला की नर बाहेर फिरतात म्हणे. रात्री टॉर्च घेऊन जातो आणि तिसरा पाय आधी बघतो. खळगा निघाला तर मास्तरांना चहा माझ्याकडून. नाही निघाला तरी वंश वेगळाच म्हणणार.

मास्तर_लातूर
चहाला येतो. नर सापडला तर पहिल्या पायाचाही फोटो घ्या.