दरीतील घरांचे जुने फोटो: खाली काय लिहावे?

प्रश्न (शहादा)

नमस्कार. सातपुड्यातील वस्त्यांच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन आम्ही काही शिक्षक मिळून शाळेत मांडणार आहोत. त्यातील एक फलक अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांसाठी ठेवावा असे मनात आहे, कारण तेथील बुर्रो कुटुंबाची आणि दरीतल्या घरांची छायाचित्रे पाहताना धडगावकडचे पाडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. अडचण अशी की अशा जुन्या छायाचित्रांखाली बहुधा फोटो काढणाऱ्याचे नाव आणि साल असते. घर कोणाचे आणि त्यातली माणसे पुढे कुठे गेली, याविषयी अक्षरही नसते. मुलांसमोर मांडताना खाली काय लिहावे, आणि चित्रात दिसते ते कितपत खरे धरावे?

उत्तर (जळगाव)

सर, ती माणसे तिथे कशी जगत होती ते आधी लिहा, नाहीतर मुलांना ते आडोशाला टेकलेले भटके वाटतील. हवासुपाई उन्हाळ्यात दरीच्या तळाशी वाहत्या पाण्यावर मका, घेवडा आणि भोपळा पिकवत, आणि हिवाळ्यात शिकारीसाठी वर पठारावर जात. म्हणजे एकाच कुटुंबाचे बिऱ्हाड वर्षातून दोनदा हलत असे, आणि साठवणीचे धान्य कड्याच्या कपारींत राहत असे. १८८२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी राखलेली जमीन अवघ्या ५१८ एकरांवर आणली. पठार हातचे गेले आणि दरीचा एक तुकडा उरला. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि ब्राइट एंजल वाटेवरच्या, तेव्हा ‘इंडियन गार्डन’ म्हणवल्या जाणाऱ्या मळ्यातून तेथे उरलेल्या शेवटच्या हवासुपाईला, म्हणजे याच कुटुंबातल्या बुर्रोला, १९२८ मध्ये उद्यान प्रशासनाने बाहेर काढले. १९७५ च्या कायद्याने जमातीला सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळाली, आणि २०२२ मध्ये त्या मळ्याचे नाव अधिकृतपणे ‘हवासुपाई गार्डन्स’ झाले. छायाचित्र १९२८ च्या आधीचे की नंतरचे, एवढे जरी खाली आले तरी पाहणाऱ्याची नजर बदलेल.

उत्तर (धुळे)

फोटो खोटा नसला तरी बेतलेला असू शकतो. एडवर्ड कर्टिस या नामांकित छायाचित्रकाराने १९१० च्या सुमारास अमेरिकेतील पिगन या आदिवासी जमातीच्या दोन पुरुषांचा त्यांच्या तंबूतला फोटो काढला. मूळ निगेटिव्हमध्ये दोघांच्या मधोमध एक घड्याळ ठेवलेले स्पष्ट दिसते; छापलेल्या चित्रातून ते पुसून टाकले आहे, कारण ग्राहकांना घड्याळवाला आदिवासी नको होता, असे माझे मत. आपल्याकडेही १८६८ ते १८७५ या काळात सरकारने आठ खंडांत माणसांचे फोटो छापले, ते जातीजमातींचे नमुने म्हणून. तेव्हा चेहऱ्यांआधी फोटोच्या कडेचे पाहावे: पत्र्याचा डबा, गिरणीचे कापड, दाराची लोखंडी कडी. यातले काही दिसले की बाजाराशी येणेजाणे होते हे कळते. आणि ताठ चेहऱ्यांवरून स्वभाव ठरवू नये. काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो उमटायला काही सेकंद लागत, आणि हलले की चेहरा पुसट होई.

उत्तर (धडगाव)

दादा, हवासुपाईंचे आणि जुन्या फोटोंचे वरच्या दोघांनी सांगितलेच आहे. सातपुड्याचे फोटो मात्र फलकावर लावण्याआधी ज्यांचे आहेत त्यांच्यापुढे ठेवा. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि मणिबेलीसारख्या गावांतील कित्येक कुटुंबे आज तुमच्याच बाजूच्या पुनर्वसन वसाहतींत आहेत. काहींनी घर उतरवताना सागाचे खांब आणि कौले सोबत नेली. जुना फोटो समोर आला की आमची म्हातारी माणसे आधी घराकडे पाहतात: खांब किती, कुडाची भिंत कोणत्या अंगाला, गुरांची जागा आत की बाहेर, आणि मग हे अमक्याचे घर म्हणून सांगतात. ते नाव, पाड्याचे नाव आणि सांगणाऱ्याचे नाव, त्यांची परवानगी असेल तर, खाली लिहा.

आणखी एक गोष्ट, जी प्रदर्शनापेक्षा मला मोठी वाटते. वनहक्क कायद्याखालील दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि नियमांनुसार घर, झोपडी, बांधबंदिस्ती यांच्या खुणा तसेच वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे मानले जातात. एखाद्या फोटोत अजून नांदत असलेल्या पाड्याचे घर आणि शेताचा बांध ओळखू येत असेल, तर त्याची एक प्रत त्या कुटुंबाला आणि एक ग्रामसभेच्या वनहक्क समितीला द्या. मूळ फोटो डिंकाने चिकटवू नका. मागे पेन्सिलीने नोंद करून जपून ठेवा.

प्रश्नकर्ता (शहादा)

सर्वांचे मनापासून आभार. बुर्रो कुटुंबाच्या फोटोंखाली १९२८ ची नोंद करतो. सातपुड्याच्या फोटोंच्या प्रती काढून या रविवारी जवळच्या वसाहतीत नेणार आहे. धडगावच्या ताई, मणिबेलीकडच्या जाणत्या माणसांपैकी कोणी भेटू शकत असल्यास आधी त्यांना विचारून मला निरोप द्यावा.