मदत हवी आहे: लिब्रेऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासणी कशी सुरू करावी?

नमस्कार. यावल तालुक्यातील आमच्या गावचे वाचनालय केळी उत्पादकांसाठी एक माहितीपुस्तिका काढत असून तिचा मजकूर संगणकावर एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतील लागवडीपासून घड उतरवण्यापर्यंतची माहिती जुन्या-जाणत्या शेतकऱ्यांनी सांगितली, शिक्षकांनी ती लिहून दिली, आणि शेवटी कानबाई या देवीची, खानदेशातील अहिराणी बोलीतली काही गाणी घेतली आहेत. ही पुस्तिका शाळेतील मुलेही वाचणार असल्यामुळे ती छपाईसाठी जळगावला जाण्यापूर्वी तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक राहू नये, असे मला फार वाटते.

वाचनालयाच्या संगणकावर विंडोज आणि लिब्रेऑफिस रायटर आहे. एफ७ ही कळ दाबली की तपासणी पूर्ण झाल्याचा संदेश लगेच येतो, परंतु ‘विहिर’ आणि ‘जमिन’ हे शब्द जसेच्या तसे राहतात. इंग्रजी शब्द चुकला तर मात्र त्याखाली लाल रेघ उमटते. हीच फाइल एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर उघडली असता तेथे मराठीही तपासले जाते, पण ‘शेतकऱ्यांना’ हा अगदी बरोबर शब्दही काही परिच्छेदांत चुकीचा दाखवला जातो आणि काही परिच्छेदांत दाखवला जात नाही. शिवाय ‘मुनवे’ (केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिले), ‘पिलबाग’ (त्या पिलांवर घेतलेले पुढचे पीक) यांसारखे आपल्याकडील शब्द आणि अहिराणी गाण्यांच्या सर्वच ओळी लाल होतात. मराठीची तपासणी नेमकी कोठे सुरू करावी आणि या शब्दांचे काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (भुसावळहून)

ताई, तुमच्या संगणकावर तपासणी चालू आहे, परंतु तिला मराठीचा शब्दकोश मिळालेला नाही. ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’ उघडून भाषांच्या विभागात जावे. तेथे मजकुराची भाषा ठरवणारे वेगवेगळे रकाने असतात आणि देवनागरी लिपी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या रकान्यात मोडते. त्या रकान्याच्या चौकटीत खूण करून मराठी निवडावी. यादीतील ज्या भाषांचा शब्दकोश संगणकावर आहे, त्यांच्या नावाशेजारी बरोबरची खूण असलेले एबीसी हे छोटे चिन्ह दिसते. मराठीपुढे ते नसेल तर लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शन संकेतस्थळावरून मराठी शब्दकोश उतरवून घ्यावा, ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’मधून तो जोडावा आणि कार्यक्रम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. त्यानंतर शिफ्ट आणि एफ७ एकत्र दाबले की टंकलेखन करतानाच चुकीच्या शब्दाखाली रेघ येऊ लागते. आधी लिहिलेला मजकूर दुसऱ्या भाषेचा म्हणून नोंदला गेला असेल, तर तो निवडून त्याची भाषा मराठी करावी लागेल, कारण रायटर भाषेची नोंद मजकुरासोबतच ठेवतो.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचे कारण वेगळे आहे. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे उमटवता येतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य असतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शब्दकोशाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. मजकूर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कीबोर्डवर लिहिल्यामुळे तुमच्या फाइलमध्ये दोन्ही रूपे आली असणार. लाल रेघ आलेल्या शब्दावर माउसची उजवी कळ दाबल्यास सुचवलेल्या शब्दांत डोळ्यांना हुबेहूब तसाच दिसणारा शब्द येतो का ते पाहावे, आणि तो निवडल्यावर रेघ गेली तर कारण हेच आहे असे समजावे. यापुढे सर्वांनी एकच पद्धत ठेवावी. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत र च्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ मिळतो. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच दोन रूपे आहेत.

स्थानिक शब्दांसाठी, कृपा करून, दिसेल त्या शब्दाला ‘इग्नोर’ करत जाऊ नका. ‘रायटिंग एड्स’मध्ये पुस्तिकेसाठी वेगळा शब्दकोश तयार करावा आणि त्याची भाषा ‘ऑल’ न ठेवता मराठी ठेवावी. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहितात, त्यामुळे ‘मुनवे’ हा शब्द भरला तरी ‘मुनव्यांची’ हे रूप पुन्हा लाल होईल. अशा वेळी ‘ग्रामर बाय’ या रकान्याचा उपयोग करून पाहावा. ‘मुनवा’ या शब्दापुढे नमुना म्हणून ‘दिवा’ दिला, तर मूळ शब्दकोशात ‘दिवा’ला जे प्रत्यय लागतात तेच ‘मुनवा’लाही लागू होतात. मूळ शब्दकोशात नमुन्याच्या शब्दाची रूपे प्रत्ययांच्या नियमांनी दिलेली नसतील, तर मात्र प्रत्येक रूप वेगळे भरण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रतिसाद (धुळ्याहून)

अहिराणी गाण्यांचे शब्द मराठी शब्दकोशात मुळीच भरू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. गाण्यात ‘आंडोर’ (मुलगा) आणि ‘शे’ (आहे) बरोबर आहेत, पण लागवडीच्या माहितीत ‘आहे’ लिहिताना हात चुकून ‘शे’ उमटले तर ते पकडले जायला हवे. गाण्यांसाठी वेगळी परिच्छेद शैली करून तिच्या फॉन्टच्या भागात देवनागरीची भाषा ‘नन’ ठेवावी, म्हणजे तेवढा भाग तपासणीतून वगळला जाईल. मात्र त्या ओळी अहिराणी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्याव्यात.

विचारणाऱ्या ताईंचे उत्तर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मराठीपुढे एबीसीचे चिन्ह नव्हतेच; शब्दकोश जोडताच ‘विहिर’ आणि ‘जमिन’ दोन्ही लाल झाले. गाण्यांसाठी वेगळी शैलीही केली आहे. आता एकच अडचण उरली आहे: खतांचे प्रकरण छापखान्याकडून श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या जुन्या प्रणालीमध्ये आले असून त्यात एकही मराठी चूक दाखवली जात नाही.

प्रतिसाद (भुसावळहून)

जुन्या श्रीलिपीच्या मजकुरात संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नसतेच. आत इतर संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचे रूप देतो. तो मजकूर आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा, मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावा, कारण परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, आणि मगच एफ७ दाबावे. ‘दिन’ आणि ‘दीन’ असे दोन्ही बरोबर असणारे शब्द मात्र तपासणी सोडून देते, तेव्हा खतांच्या मात्रा आणि असे शब्द एखाद्या शिक्षकांनी छापण्याआधी कागदावर वाचावेत.